लाईटबिल नक्की कोणाचं?

रविवारची दुपार. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून नुकतीच जरा टेकले होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात पाठीवर बॅग, हातात रंगीत कागद घेतलेला एक तरुण मुलगा.

"काकू, दर महिन्याला लाईटबिल किती येतं?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात दोन हजाराच्या घरात जातं. का रे बाबा?"

"मग आता महावितरणला रामराम ठोका! गच्चीवर आमचं तीन किलोवॅटचं सोलर बसवा. बिल झीरो. सरकार अठ्ठ्याहत्तर हजार देतंय." असं म्हणत त्याने तो कागद माझ्या हातात ठेवला. मी चष्मा लावून वाचायला लागले. दोन मिनिटं तो गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "काकू, साहेब कधी भेटतील? त्यांच्याशीच बोललो असतो."

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा कोणी ना कोणी येऊन गेला असेल. आणि 'साहेब कधी भेटतील' हा प्रश्न तर आपल्याला नवा नाहीच. फ्रीज कोण उघडझाक करतं, मोटर किती वाजता लावायची, गिझरचं बटण कोण विसरतं, पाहुणे आले की पंखे किती वेळ फिरतात, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण बिल मात्र साहेबांचं! मी त्या मुलाला म्हटलं, "साहेब संध्याकाळी भेटतील, पण हिशेब मीच करणार आहे. आठ दिवसांनी ये." तो हसला. त्याला वाटलं काकू गंमत करताहेत.

मी मात्र गंमत करत नव्हते. वीज कोणाकडून घ्यायची, हे ठरवण्याची वेळ माझ्या अख्ख्या संसारात पहिल्यांदाच आली होती. दूध कोणत्या गवळ्याकडून, किराणा कोणत्या दुकानातून, गॅस कोणत्या एजन्सीचा, हे आपण ठरवतो. न पटलं तर बदलतो. विजेचं तसं कधी असतं का? वायर येईल ती आपली आणि बिल येईल ते आपलं!

पण असं काही सगळीकडेच नाही बरं का. माझी मावसबहीण कांदिवलीला राहते. तिच्याकडे गेले असताना तिने एकदा सहज सांगितलं होतं, "आम्ही लाईटची कंपनी बदलली." मला वाटलं, आता घरात नवीन वायरी टाकणार, भिंती फोडणार. तसं काहीच नव्हतं. एक अर्ज भरायचा. खांब तेच, वायर तीच, बिल पाठवणारी कंपनी तेवढी वेगळी.

मुंबईच्या उपनगरांत हे कसं घडलं? तिथे घरोघरी वीज द्यायची ती रिलायन्स. टाटा कंपनीचाही मुंबईसाठी परवाना होता, पण ती साध्या घरगुती ग्राहकाला वीज देऊ शकते का, यावर वाद होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २००८ मध्ये टाटाच्या बाजूने निकाल लागला. मग ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली, की ग्राहकाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घ्यायला हरकत नाही. तेव्हा टाटाचा दर कमी होता. लोकांनी भराभर अर्ज भरले. कोणाला नाही आवडणार स्वस्त वीज?

पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढे आयोगाने कंपनी बदललेल्या ग्राहकांवरही जुन्या कंपनीचे काही आकार लावले. टाटाचे दरही वाढले. जो फरक आधी मोठा दिसत होता तो कमी होत गेला, काही गटांना तर उलटा पडला आणि कितीतरी लोक परत जुन्या कंपनीकडे आले. २०१८ मध्ये रिलायन्सचा तो व्यवसाय अदानीकडे गेला. मुंबईच्या बायकांनी यातून जो धडा घेतला तो आपल्यालाही उपयोगी आहे. साडी घेताना आपण नुसता पदर बघून घेत नाही, घडी पूर्ण उलगडून बघतो. तसंच विजेचं. युनिटचा दर हा नुसता पदर. स्थिर आकार, वहन आकार, अधिभार, वीज शुल्क अशी सगळी घडी उलगडली की खरी किंमत कळते. आणि आज जो दर आहे तो उद्या राहीलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं. आपल्या नगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवरून नगर जात नाही!) याचं काय? तर गंमत अशी, की आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांत एके काळी वीज मंडळाची वीज नव्हतीच. मी १९९२ मध्ये लग्न होऊन श्रीरामपूरला आले, तेव्हा बिलावर नाव होतं 'मुळा-प्रवरा'. माहेरी वीज मंडळाचं बिल बघायची सवय. मी सासऱ्यांना विचारलंही, "हे मुळा-प्रवरा काय आहे?" ते अभिमानाने म्हणाले, "अगं, ही आपली सोसायटी. साखर कारखान्यासारखीच. आपण सभासद आहोत."

त्यांचा अभिमान खोटा नव्हता. १९५० मध्ये लोणीजवळ शेतकऱ्यांनी मिळून सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्याच मातीतली ही कल्पना. गावोगावी वीज पोचवण्यासाठी देशात पहिल्यांदा ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था काढल्या, त्यांतली एक आपली मुळा-प्रवरा. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीची संस्थाही त्याच पाचांतली. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासे या तालुक्यांमधल्या गावांना मुळा-प्रवरा चाळीसेक वर्षं वीज देत होती. ती वीज स्वतः तयार करायची नाही. वीज मंडळाकडून, आणि २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणकडून, घाऊक घ्यायची आणि सभासदांना द्यायची.

मग काय बिनसलं? घरात जे बिनसतं तेच. येणं कमी आणि देणं जास्त. वीज मोठ्या प्रमाणात शेतीपंपांना जायची, तिचा दर कमी, वसुली त्याहून कमी. वरच्या घाऊक बिलाची थकबाकी मात्र वाढत गेली आणि शेकडो कोटींच्या घरात पोचली. वर्षानुवर्षं वाद, दावे, सुनावण्या. शेवटी ३१ जानेवारी २०११ ला संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला. एका रात्रीत आमची कंपनी बदलली. कोण चूक कोण बरोबर, हा वाद इथे करायचा नाही. मला आठवतं ते एवढंच, की पुढच्या बिलावर नाव वेगळं आलं, आणि आधी आम्ही 'सभासद' होतो ते आता 'ग्राहक' झालो. सासरे ते बिल हातात घेऊन बराच वेळ बसले होते. सभासद म्हणून नाव त्यांचं, पण संस्थेचा हिशेब कधी घरात येऊन कोणी सांगितला नव्हता. आणि त्यांच्या नावाच्या बिलाचा हिशेब आम्हा बायकांना तरी कधी कोणी सांगितला होता?

आता आजचं. २००३ च्या वीज कायद्याने एका भागात एकाहून जास्त कंपन्यांना परवाना देता येतो. वीज आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून घेण्याची सोयही त्यात आहे, पण ती मोठ्या कारखान्यांसाठी. हरित विजेकरिता २०२२ मध्ये ती मर्यादा शंभर किलोवॅटपर्यंत खाली आणली. आपल्या घरचा भार असतो दोन-तीन किलोवॅटचा! म्हणजे ते दार आपल्यासाठी नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले होते, आठवतंय? नवी मुंबई, भांडुपकडच्या भागात अदानीने समांतर परवाना मागितला, त्याला त्यांचा विरोध होता. नफ्याचा भाग खासगीने उचलला तर खेड्यापाड्यांचं आणि शेतीपंपांचं ओझं एकट्या महावितरणने कसं पेलायचं, असं त्यांचं म्हणणं. तो संप त्याच दिवशी मिटला, पण प्रश्न आहे तसाच आहे. मुळा-प्रवराचं जे झालं ते पाहिलेल्या आपल्याला तर तो चटकन समजावा.

म्हणजे श्रीरामपूर, कोपरगाव, जामखेड, पाथर्डीच्या बाईला आज 'ही कंपनी नको, ती हवी' असं म्हणायची सोय नाही. मात्र एक दुसरा पुरवठादार रोज सकाळी न चुकता आपल्या गच्चीवर येतो, तो सूर्य. आणि आपल्या जिल्ह्याला त्याची ओळख जुनी आहे. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून ७३ मोठ्या तबकड्या सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारो भक्तांचं जेवण शिजवण्यासाठी बसवल्या गेल्या. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांत आपलं राळेगणसिद्धी होतं. आता घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून 'पीएम सूर्यघर' योजना आली आहे. एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा जास्त असेल तर अठ्ठ्याहत्तर हजार असं केंद्राचं अनुदान. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. पण अर्धंच बोलत होता.

त्या रात्री मी कपाटातून वर्षभराची बिलं काढली. बिलं एका जुन्या साडीच्या खोक्यात असतात. यांनी विचारलं, "आता रात्री हे काय काढलंस?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही बातम्या बघा, मी युनिट बघते."

युनिट असे निघाले. जानेवारी ९६, फेब्रुवारी ९८, मार्च १३१, एप्रिल १७८, मे २०४, जून १७२, जुलै १२८, ऑगस्ट १२१, सप्टेंबर १२४, ऑक्टोबर १३९, नोव्हेंबर ११२ आणि डिसेंबर ९७. बेरीज १६००. आता एक किलोवॅटच्या पॅनेलपासून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात असं धरतात. म्हणजे वर्षाला १४४०. तीन किलोवॅटचे होतात ४३२० युनिट! आमचं घर खातंय सोळाशे, आणि तो मुलगा पानात वाढायला निघाला होता त्रेचाळीसशे. चार माणसांच्या घरात कोणी बारा माणसांचा स्वयंपाक करतं का?

पुढचा हिशेब रुपयांचा. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटना दर कमी असतो आणि शंभरच्या वर गेलं की जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या बिलांवरून मी ढोबळ सहा रुपये आणि अकरा रुपये धरले. वर्षभरात आमची शंभरच्या वरची युनिटं झाली ४०९. म्हणजे महागाची युनिटं थोडीच आहेत, आणि ती वाचवायला एक किलोवॅट पुरतो. वर्षाला दहा-साडेदहा हजार वाचतात. यादीतल्या दुसऱ्या एका कारागिराने एक किलोवॅटचे सत्तर हजार सांगितले. तीस हजार अनुदान गेलं की आपले चाळीस हजार. चारेक वर्षांत पैसे फिटले.

आणि तीन किलोवॅटचं? त्या मुलाने दोन लाख सांगितले होते. अठ्ठ्याहत्तर हजार वजा जाता आपल्या खिशातून एक लाख बावीस हजार. पण बिल जेवढं आहे तेवढंच वाचणार ना! वाचतात वर्षाला साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे पैसे फिटायला दहा वर्षं. जास्तीची वीज महावितरणकडे जाते, तिची युनिटं पुढच्या बिलात जमा होतात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्यांचे पैसेही मिळतात, पण आपण विकत घेतो त्या दरापेक्षा पुष्कळच कमी दराने. ते धरले तरी लहान संचाइतका हिशेब बसत नाही. दोन पोरांचा, एसीचा, महिना तीनशे युनिट जाळणारा संसार असेल तर तीन किलोवॅट घ्याच. आणि ज्यांचं बिल मुळातच शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी घाई करायची गरज नाही. त्यांची वीज आधीच स्वस्त दरातली आहे. अशा घरांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जादा अनुदानाची योजना आणली आहे, तिची महावितरणच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

आठ दिवसांनी तो मुलगा आला तेव्हा मी वही पुढ्यात घेऊन बसले होते. पहिला प्रश्न विचारला, "लाईट गेली की हे चालेल का?"

तो जरा चाचरला. "नाही काकू. लाईट गेली की तेही बंद होतं."

ऐकताय ना मैत्रिणींनो? सोलर बसवलं की भारनियमनाची कटकट संपली, असं आपल्याला वाटतं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा, गावाकडे बारा-बारा तास अंधार. त्या आठवणीने आपण सोलरकडे बघतो. पण अनुदानात बसणारा साधा संच महावितरणच्या तारेला जोडलेला असतो. तारेत वीज नसली की तो मुद्दाम बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून झटका बसायला नको. लाईट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी हवी आणि तिचा खर्च वेगळा. रात्री तर आपण महावितरणचीच वीज वापरतो. म्हणजे 'रामराम' वगैरे काही नसतं. नातं तुटत नाही, फक्त देणंघेणं दोन्ही बाजूंनी सुरू होतं.

दुसरं, बिल शून्य होत नाही. युनिट शून्य झाली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तिसरं, पॅनेलवर धूळ बसते. आमच्याकडे उसाचे ट्रक-ट्रॅक्टर आणि उन्हाळी वावटळी, त्यामुळे पंधरवड्याला तरी पुसावं लागणार. ते कोण पुसणार, हे घरात आधी ठरवा, नाहीतर बादली आणि फडकं शेवटी आपल्याच हातात येणार! चौथं, एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि तिथे शेजारच्या नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली नको. वाळवणाची जागा गेली तर पापड-कुरडया कुठे, हाही प्रश्न मी विचारला. तो हसला, पण प्रश्न खरा आहे.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, पैशाचं. आमच्या भिशीतल्या एकीने अशाच एका एजंटला वीस हजार ॲडव्हान्स दिला. पावती साध्या कागदावर. पाच महिने झाले, पॅनेल नाही आणि फोनही उचलत नाही. नाव घेत नाही, पण तिच्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून सांगते. अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर स्वतः करायचा किंवा घरातल्या मुलाकडून आपल्यासमोर करून घ्यायचा. कारागीर तिथल्या नोंदणीकृत यादीतलाच निवडायचा. अनुदान संच सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, ते कोणा एजंटमार्फत येत नाही. अनुदानाला भारतात बनलेलीच पॅनेल चालतात. पाच वर्षं देखभाल करायची जबाबदारी बसवणाऱ्याची असते. हे सगळं लेखी घ्या. आणि जमा युनिटचे नियम आयोगाच्या आदेशाने बदलू शकतात, म्हणून आज लागू असलेला नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. मुंबईकरणींचा धडा विसरू नका.

इथपर्यंत माझा हिशेब झकास झाला होता. अडलं ते एका वेगळ्याच जागी. त्या मुलाने बिल बघितलं आणि विचारलं, "काकू, हे नाव कोणाचं?"

नाव सासऱ्यांचं होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आम्ही एका गेलेल्या माणसाच्या नावाने बिल भरतोय आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पण अर्ज ज्याच्या नावावर जोडणी त्याच्याच नावाने होतो, अनुदान त्याच्याच खात्यात येतं. आधी नाव बदलायला हवं. मग नाव कोणाचं?

हे म्हणाले, "माझंच घालू, त्यात काय." मी धाकट्या दिरांना पिंपरीला फोन लावला. त्यांचा आवाज जरा जड झाला. "वहिनी, करा तुम्ही, माझी ना नाही. पण घर दोघांचं आहे. उद्या गच्चीवर मलाही काही करावंसं वाटलं तर?"

बोलणं बरोबर होतं. मला क्षणभर रागही आला, पण बरोबर होतं. विजेचं बिल घराच्या मालकीचा पुरावा नसतो, हे खरं. तरी घरात त्या एका कागदावरून मनं दुखावतातच. रात्री जेवताना तोच विषय. सासूबाई ताटावर बसून ऐकत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अचानक म्हणाल्या, "मी आहे ना अजून?"

सगळे गप्प. खरंच की! वारस म्हणून दोन्ही मुलांच्या बरोबरीने त्यांचाही हक्क, आणि आमच्या कोणाच्या तो लक्षातच आला नव्हता. माझ्यासुद्धा नाही. 'साहेब कधी भेटतील' म्हणणाऱ्या त्या मुलावर मी चिडले होते, आणि मीच घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारायला विसरले होते.

मी विचारलं, "आई, तुमच्या नावावर करायचं?"

"कर की. भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा रॉकेलच्या कंदिलात मी तुझ्या नवऱ्याला जन्म दिला. पहिला बल्ब लागला तेव्हा मीच बटण दाबलं होतं. बिलावर नाव आलं तर काय बिघडतं?"

दिरांना पुन्हा फोन केला. ते लगेच म्हणाले, "आईच्या नावावर? मग प्रश्नच नाही. कुठे सही करायची ते सांगा." मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, दोन्ही मुलांचं संमतिपत्र असे कागद जमवून महावितरणच्या कार्यालयात अर्ज दिला. सासूबाईंना रिक्षाने बँकेत नेलं, बंद पडायला आलेलं खातं चालू करून घेतलं. त्या फॉर्मवर त्यांनी सावकाश, जपून सही केली. अंगठा नाही, सही.

गेल्या महिन्याचं बिल त्यांच्या नावाने आलं. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. आता एक किलोवॅटचा अर्ज त्यांच्याच नावाने भरणार आहोत. तीनचा नाही. त्या मुलालाही मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, एवढा हिशेब कोणी विचारत नाही." मी म्हटलं, "आता विचारतील."

म्हणून मैत्रिणींनो, सोलर घ्याच किंवा घेऊच नका, असं मी सांगणार नाही. तुमच्या गच्चीचं ऊन, तुमची युनिटं, तुमची ऐपत तुम्हालाच ठाऊक. एक मात्र करा. आज दुपारी वर्षभराची बिलं काढा. बारा आकडे वहीत लिहा, बेरीज करा, शंभरच्या वरची युनिटं वेगळी काढा. आणि बिलाच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव वाचा. ते कोणाचं आहे, ती व्यक्ती आहे की गेली, आणि त्यावर नाव असायचा हक्क घरातल्या कुठल्या बाईला आहे, तेही बघा. आपल्याला आजवर मुळा-प्रवराचं महावितरण होताना कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारणारा आपल्याच दारात उभा आहे. त्याला साहेबांची वाट बघायला लावू नका. वही घेऊन तुम्हीच बसा.